बाबांना आईची किडनी घ्यावी की यादीत नाव लावून थांबावं?

मानेवाड्याचा_पोरगा:
बाबा ६१ वर्षांचे, सात महिन्यांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आई ५६, रक्तगट जुळतो, द्यायला एका पायावर तयार. पण मोठे काका म्हणतात, बायको काही रक्ताची नाही, तिची किडनी अंगी लागत नाही. त्यापेक्षा मृत दात्यांचे अवयव वाटणाऱ्या झेडटीसीसीच्या यादीत नाव टाक. २८ वर्षांचा लहान भाऊ "माझी घ्या" म्हणून राहिला, बाबा ऐकत नाहीत. नागपुरात कोणी यातून गेलं आहे का?

फिस्टुला_डावा_हात:
काहून थांबता भाऊ? मला बायकोचीच बसवली आहे, सात वर्षं झाली, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) १.३. काकांना हे वाचून दाखवा: १९९५ मध्ये अमेरिकेत प्रत्यारोपणाचे संशोधक तेरासाकी यांनी हजारो रुग्णांचा हिशेब मांडला. तीन वर्षांनी चालू असलेल्या किडन्या: नवरा-बायकोने दिलेल्या ८५ टक्के, आईवडिलांच्या ८२, मृत दात्याच्या ७०. आता औषधं सुधारली, सगळेच आकडे वर गेले; पण जिवंत दाता पुढे, हे बदललं नाही. निरोगी माणसाची किडनी, या थिएटरातून त्या थिएटरात. बर्फात फार वेळ राहत नाही, खरी मेख ती आहे.

बर्डी_ते_बुटीबोरी:
कॅडेव्हरला, म्हणजे मृत दात्याच्या किडनीला, नावं नका ठेवू बापा. माझी तीच आहे. मेंदूमृत माणसाचं बीपी वरखाली होतं, वर काही तास बर्फ, म्हणून माझी उशिरा जागी झाली. ऑपरेशननंतर बारा दिवस डायलिसिस चालूच होतं. पण त्यानंतर पहिल्यांदा बिनधास्त संत्रं सोललं, डायलिसिसवर असताना वाटायची ती पोटॅशियम वाढायची भीती न बाळगता! घरात दाता नसेल तर यादीत नाव लावाच. तुमच्याकडे आई आहे, मग वर्षानुवर्षं फोनची वाट कशाला?

जुनी_सिस्टर:
तरुण किडनी जास्त चालते हे खरं, मुलाशी निम्मं मॅचिंगही असतं. तरी मी आईलाच आधी तपासायला सांगेन; पोराचं सगळं आयुष्य पुढे आहे. आईची शुगर, बीपी, लघवीतलं प्रोटीन, डीटीपीए स्कॅन (प्रत्येक किडनी किती काम करते ते दाखवणारा) बघू द्या. त्यात काही निघालं तर हट्ट नको. बाबांना रक्ताच्या बाटल्या चढवल्या असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा, त्यानं अँटीबॉडी वाढतात आणि क्रॉसमॅच (दात्याची किडनी रुग्णाचं रक्त स्वीकारेल का, ही तपासणी) बिघडू शकतो. उलट बाबा आईला देणार असते तर तिच्या बाळंतपणांचाही विचार करावा लागला असता, त्यानंही अँटीबॉडी वाढतात. १९९४च्या कायद्यात नवरा-बायको जवळचे नातलगच आहेत, मात्र लग्नाचे कागद मागतात.

मानेवाड्याचा_पोरगा:
दोन बाटल्या चढवल्या होत्या, आम्ही सांगितलंच नव्हतं. आई बाजूला बसून ऐकून राहिली. लग्नाचा दाखला नाही, फक्त अल्बम आहे. चालतो?

जुनी_सिस्टर:
अल्बम आणाच, तुम्हा भावांचे जन्मदाखलेही. आणि महापालिकेत विवाह नोंदणीचा अर्ज या आठवड्यात टाका.