महाप्रसादाच्या पंगतीत फलक लावायचा आहे, काय काढू?

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात. मागच्या गणपतीत पत्रावळी उचलायचं काम माझ्याकडे होतं. वांग्याच्या रश्शात भिजलेल्या अर्ध्या पोळ्या, हात न लावलेली बुंदी. दोन टोपली भरली. जीव तुटला. यंदा फलक रंगवते आहे, पण ‘अन्न वाया घालवू नका’ कोण वाचतं?

— ताई, उपदेश नको, चित्र काढा. मोठी पत्रावळ, कडेला उरलेली अर्धी पोळी, खाली चार शब्द: ‘थोडं घ्या, पुन्हा मागा.’ लोक पंगतीची वाट पाहत उभे असतात तिथं लावा, हात धुवायच्या जागी उशीर होतो. अन् बुंदी वाढायचा डाव लहान घ्या. अर्धं काम तोच करतो.

— लाइटिंगचंबी काढा. 500 वॅटचा हॅलोजन दोन तासात एक युनिट खातो. आमच्या मंडपात आठ होते, सहा ते बारा, म्हणजे रोज 24 युनिट. 50 वॅटचे एलईडी लावले तं अडीचच्या आत. हाच हिशेब खांबावर रंगवा, मोठ्या आकड्यात.

— डाव आजच बदलते. खांबासाठी मंडळाला विचारते. पिवळ्यावर काळी अक्षरं रात्री दिसतील ना?