मदत हवी आहे: आठ जुन्या मशीनचा लिनक्स क्लस्टर (एकत्र जोडलेली मशीनं), जॉबच्या रांगेसाठी स्लर्म ठरलंय, बाकीचं काय घेऊ?

नमस्कार मंडळी,

प्रयोगशाळेत आठ एकसारखे डेस्कटॉप मोकळे झालेत. प्रत्येकी सहा कोअर, १६ जीबी रॅम, साधं गिगाबिट ईथरनेट, वर उबुंटू. नववं मशीन जरा बरं आहे, ते मुख्य नोड (क्लस्टरमधलं एक मशीन) होईल. आजवर ज्याला जे मशीन रिकामं वाटेल त्यावर एसएसएच करून (दुरून लॉगिन करून) जॉब सोडायचा, अशी पद्धत. परवा एकाच मशीनवर तिघांचे जॉब आणि शेजारची चार थंड! म्हणून रीतसर रांग लावायची आहे.

कामं दोनच. थोडं ग्रोमॅक्स (रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन), आणि बरंचसं म्हणजे एकच पायथन प्रोग्राम शेकडो वेगवेगळ्या इनपुटवर चालवणं.

रांगेसाठी ओपनपीबीएसबद्दलही वाचलं, पण उद्या कुणाला मोठ्या क्लस्टरवर जावं लागलं तर तिथे स्लर्म भेटण्याची शक्यता जास्त, म्हणून स्लर्म. (कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीस कृपया सुचवू नका.)

दोन मशीनवर करून पाहिलं. पहिला दिवस मंजने (मशीनची एकमेकांशी ओळख पटवणारी स्लर्मची सोबतीण सेवा) खाल्ला. की दोन्हीकडे तीच, परवानग्या ठीक, तरी 'एक्स्पायर्ड क्रेडेन्शियल'. शेवटी बघतो तर एका मशीनचं घड्याळ सात मिनिटं पुढे, आणि मंज चालवून घेतो पाचच. घड्याळं जुळवणारं क्रोनी लावलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी नोड 'ड्रेन'मध्ये, म्हणजे नवे जॉब घेणं बंद. मी स्लर्मच्या कॉन्फिगमध्ये रिअलमेमरी (नोडची रॅम, एमबीत) १६३८४ लिहिली होती, पण काही रॅम आधीच राखीव जाते, त्यामुळे मशीन तेवढी दाखवतच नाही. स्लर्मडीला (नोडवर चालणारा स्लर्मचा प्रोग्राम) मोठ्या सीचा (-C) पर्याय दिला की तो खरा आकडा छापतो, हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

आता अडलंय ते इथे. नोडवर सिस्टिम कशी चढवू? वेअरवुल्फने नेटवर्कवरून बूट करता येतं, पण इमेज रॅममध्ये बसते आणि १६ जीबीतली रॅम अशी द्यायला जीव होत नाही. ओपनएचपीसीची (क्लस्टर उभारायचा तयार संच) कृती छान लिहिलेली आहे, पण उबुंटूसाठी नाही. जुन्या लेखांत सगळीकडे रॉक्स (क्लस्टरसाठीचं तयार लिनक्स); त्याची ७.० आवृत्ती २०१७ची, तीही सेंटओएस ७ वर, ज्याचा सपोर्ट जून २०२४ मध्ये संपला. मग अ‍ॅन्सिबलच (एका जागेवरून सगळ्या मशीनची मांडणी करणारं) का? आणि पंधरा जणांसाठी एलडॅप (सगळ्या मशीनसाठी खात्यांची एकच यादी) उभारावं का?

प्रतिसाद १

अ‍ॅन्सिबल. आठ मशीनला डिस्क आहे, सिस्टिम चढलेली आहे, मग उगाच खटाटोप कशाला? पंधरा खाती त्यातूनच बनवा, फक्त यूआयडी (खात्याचा क्रमांक) सगळीकडे तोच हवा, नाहीतर एनएफएसवर (नेटवर्कवरून सगळ्यांना मिळणारी डिस्क) एकाच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर दिसतील.

होम (प्रत्येकाचं स्वतःचं फोल्डर) एनएफएसवर ठेवा, पण जॉबचं लिखाण नोडच्या स्वतःच्या डिस्कवर. गिगाबिट म्हणजे सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट. आठ नोड एकदम तुटून पडले तर प्रत्येकाच्या वाट्याला पंधराच. शेकडो इनपुटसाठी, म्हणजे एकच स्क्रिप्ट अनेकदा चालवायला, जॉब अ‍ॅरे वापरा. कॉन्फिगमध्ये कॉन्स-ट्रेस आणि सीआर-कोअर-मेमरी (कोअर आणि मेमरी दोन्ही मोजून वाटणारी सेटिंग) लावायला विसरू नका, नुसतं सीआर-कोअर असेल तर स्लर्म कोअर मोजेल आणि मेमरीकडे बघणारही नाही.

प्रतिसाद २

ग्रोमॅक्स एकाच नोडवर कोंडा. दर पावलाला नोडनी एकमेकांशी बोलायचं, आणि साध्या ईथरनेटवर तो निरोप पोचेपर्यंत कोअर जांभया देत बसतात. दोन नोड लावून एकापेक्षा हळू चाललेलं मी स्वतः पाहिलंय. त्यापेक्षा आठ नोडवर आठ स्वतंत्र रन.

आणि तुमचं मूळ दुखणं एसएसएचचं. पॅम-स्लर्म-अडॉप्ट लावा: ज्याचा जॉब त्या नोडवर चालू नाही त्याला आत शिरताच येत नाही. आठवडाभर शिव्या खाव्या लागतील.

धागाकर्ता

दोघांचेही आभार, अ‍ॅन्सिबल नक्की. एकच शंका: लिखाण नोडच्या डिस्कवर आणि वेळ संपून जॉब मेला, तर तिथले निकाल परत कोण आणणार?

प्रतिसाद १

तुमची स्क्रिप्टच. एसबॅचला (जॉब रांगेत टाकायची आज्ञा) सिग्नलचा पर्याय देऊन 'वेळ संपायच्या ३०० सेकंद आधी स्क्रिप्टच्या शेललाच यूएसआर१ (इशाऱ्याचा सिग्नल) पाठव' असं सांगा आणि बॅशमध्ये ट्रॅप (सिग्नल आल्यावर काय करायचं ते) लावून त्यात फाइली होमवर कॉपी करा. मात्र मुख्य प्रोग्राम पार्श्वभूमीत सोडून 'वेट' आज्ञेने तो संपायची वाट बघा. तो समोर चालत असेल तर बॅश तो संपेपर्यंत ट्रॅपला हात लावत नाही. माझा तीन दिवसांचा रन असाच गेला होता.