विषय: अकरावीत ५६ टक्के, आता काय?

नमस्कार मंडळी,

परत नागपूरला येऊन सहा वर्षं झाली तरी तिकडच्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या ईमेल लिस्टवरून नाव काढलं नव्हतं, ते आज कामी आलं. लेक बारावीत आहे. दहावीला ९३ टक्के. मग इथल्या रीतीप्रमाणे टाय-अप कॉलेजात नुसतं नाव आणि दिवसभर जेईईचा क्लास. सप्टेंबरात डेंग्यू झाला, पंधरा दिवस गेले. पण खरं सांगू? त्याआधीच त्याचं मन क्लासातून उडालं होतं. अकरावीला ५६ आले. तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. अकरावीचे गुण इथे विचारतो कोण? सीईटीत नाही, जेईईत नाही. इथलं इंजिनिअरिंगचं व्हीएनआयटी म्हटलं तरी बारावीचे ७५ टक्के.

आता त्याला अमेरिकेला जायचंय आणि तिथली कॉलेजं नववीपासूनचे गुण मागून राहिली. त्यात कॉलेजातला क्लार्क म्हणतो, "मॅडम, अकरावी आपल्याच हातात आहे ना. सांगा, किती टाकू?" ह्यांना ते पटून राहिलंय. मला झोप नाही.

— धरमपेठ, नागपूर

*

अगं, एवढं काय त्यात. कॉमन ॲपचा, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जाचा, मुख्य निबंध ६५० शब्दांचा असतो, तो डेंग्यूवर लिहायला सांग. सलाईन, घसरलेल्या प्लेटलेट्स, उशाशी बसलेली आई. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. क्लार्कच्या नादी मात्र लागू नका.

— काका, एडिसन

*

काकांचं शेवटचं वाक्य तेवढं घे, बाकीचं सोड. (काका, रागावू नका.)

डेंग्यू पंधरा दिवसांचा आणि गुण वर्षाचे, एवढा हिशेब वाचणाऱ्याला येतो. अडचणी सांगायला कॉमन ॲपमध्ये २५० शब्दांची वेगळी जागा आहे, 'चॅलेंजेस अँड सर्कमस्टन्सेस' नावाची. तिथे काय झालं, कधी झालं आणि आता काय बदललंय, एवढं सरळ लिहू दे. मन उडालं होतं हेही लिहू दे. मोठा निबंध त्याच्या स्वतःच्या एखाद्या गोष्टीसाठी राखून ठेवा.

टाय-अप म्हणजे काय हे तिकडे कुणाला ठाऊक नसतं. स्कूल रिपोर्ट, म्हणजे अर्जासोबत शाळा-कॉलेजाने पाठवायची माहिती, प्राचार्य भरणार असतील तर त्यांना हेच चार ओळींत समजावून लिहायला सांग. पोराचं कौतुक नंतर.

१ नोव्हेंबरच्या अर्ली अर्जाची घाई नको. जानेवारीच्या रेग्युलर फेरीत मिड-इयर रिपोर्टमधून बारावीचे सहामाहीचे गुण पोचतात, आणि त्याच्याकडे दाखवायला आज तेवढंच आहे. यूसीचं, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं, गणित त्याला जड जाईल. ते सरासरी दहावी-अकरावीचीच धरतात, सॅट ही प्रवेशपरीक्षा बघत नाहीत. यूसीच हवं असेल तर आमच्याकडच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकून तिथे ट्रान्सफर घेता येते. तेव्हा कॉलेजातले गुण बघतात. आम्ही देशी लोक नाक मुरडतो, पण माझी धाकटी त्याच वाटेने गेली.

पैशांचंही आत्ताच बोलून घ्या. बाहेरदेशच्या मुलाने मदत मागितली तरी निवडीत फरक पडत नाही अशी कॉलेजं मोजकी, हार्वर्ड, एमआयटी, ॲमहर्स्ट वगैरे. म्हणजे जिथे शिरणंच सगळ्यात कठीण.

आणि तुझ्या ह्यांना सांग, खोटी गुणपत्रिका उघडी पडली तर मिळालेला प्रवेशही जातो.

— ताई, बे एरिया

*

ताई, क्लार्कला नाही म्हटलं. म्हणाला, "तुमची मर्जी, पैसे थोडीच मागितले होते!" हे दोन दिवस घुश्शात होते, आता बोलून राहिलेत.

लेकाने ते २५० शब्द लिहिले. डेंग्यू एका ओळीत संपवला. पुढे लिहिलंय की क्लास बुडवून तो रामन सायन्स सेंटरला जायचा आणि तारांगणाचा तोच तो शो पुन्हा पुन्हा बघायचा. मी जेवणाचा डबा भरून देत होते क्लाससाठी! मला हे आत्ता, त्याचा मसुदा वाचताना कळलं. ठेवू की काढायला लावू?

*

काढू नको! पण त्या २५० शब्दांत तारांगण कोंबू नका, ६५० त्याच्यासाठीच ठेवा. डेंग्यूचं मी मागे घेतो. क्लासची फी किती भरली होती, ते मात्र लिस्टवर सांगू नकोस.

— काका