खोडदच्या 30 डिश एकाच खोलीतून कशा चालवतात?

पंचवटीची_बाई
28 फेब्रुवारीला नववीच्या मुलांना नाशिकहून पुणे जिल्ह्यातल्या खोडदची जीएमआरटी ही 30 डिशची रेडिओ दुर्बीण दाखवायला न्यायचं ठरतंय. वर्गात एका मुलीने विचारलं, "बाई, प्रत्येक डिशखाली माणूस बसतो का?" तिला नीट उत्तर द्यायचंय. तिथे काम केलेलं कुणी आहे का इथे?

सिन्नरकर
नाही बाई, डिशखाली कुणी नसतं. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी तिथल्या कंट्रोल रूममध्ये रात्री काढल्यात. 14 डिश मधल्या साधारण एक चौरस किलोमीटरात, बाकी 16 इंग्रजी Y अक्षरासारख्या तीन फाट्यांवर. कधी आकाशातल्या कुठल्या स्रोताकडे वळायचं, त्याची कमांड फाइल निरीक्षक आधीच देतो. ऑपरेटर ती चालवतो आणि कुठली डिश मागे राहिली ते पडद्यावर बघत असतो.

मुलांना वाऱ्याचं जरूर सांगा. डिश 45 मीटरची, जाळीची असली तरी वारा तिला ढकलतोच. ताशी 40 किमीच्या वर गेला की निरीक्षण थांबवून सगळ्या डिश तोंड वर करून उभ्या करतात. आमचा स्रोत मावळायला आलेला असला तरी ऑपरेटर ऐकत नसत, आणि तेच बरोबर होतं. पेपरवर नावं आमची येतात, यंत्र राखतात ते.

गंगापूर_रोड
मग पुण्यातूनच का नाही चालवत? इंटरनेट आहे की.

सिन्नरकर
आज्ञा लांबूनही देता येतात. अमेरिकेतल्या व्हीएलबीए या रेडिओ दुर्बिणीच्या 10 डिश हवाईपासून कॅरिबियनपर्यंत पसरल्यात, चालवतात न्यू मेक्सिकोतल्या सोकोरोहून. पण त्यांचे सिग्नल खोडदसारखे फायबरने लगेच एकत्र येत नाहीत. प्रत्येक ठिकाणी हायड्रोजन मेझरचं, म्हणजे अतिशय अचूक अणुघड्याळ, नोंद डिस्कवर, आणि त्या डिस्क सोकोरोला पाठवून जुळवणी.

खोडदला सगळे सिग्नल ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतात आणि कोरिलेटर नावाचं यंत्र तिथल्या तिथे डिशच्या प्रत्येक जोडीचे सिग्नल जुळवतं. 14 किमी फायबरला प्रकाश साधारण 70 मायक्रोसेकंद घेतो. शिवाय आकाशातून येणारी रेडिओ लाट सगळ्या डिशवर एकदम पोहोचत नाही, आणि पृथ्वी फिरते तसा तो फरक बदलत राहतो. हे सगळं सतत भरून काढावं लागतं, नाहीतर चित्रच उमटत नाही.

पंचवटीची_बाई
धन्यवाद दादा. 30 डिशच्या जोड्या किती, हे उद्या मुलांकडूनच काढून घेते.

सिन्नरकर
435 यायला हव्यात. आणि मोबाइल बसमध्येच बंद करायला लावा, रेडिओ दुर्बिणीला तो फार मोठा गोंगाट असतो.