फोन घरातल्या सगळ्यांचा, मग संमती कोणाची?

एक पालक, लातूर

या आठवड्यात मी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मुळातून वाचला. कलम 9 नुसार 18 वर्षांखालील मुलांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर नजर ठेवणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि ही तरतूद त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होणार आहे. वाचून समाधान वाटायला हवे होते, पण आमच्या घरी फोन एकच आहे आणि तो माझ्या नावावर आहे.

मुलगी बारावीत आहे. तिने माझ्या फोनवरून नीटच्या एका सराव परीक्षेसाठी नाव नोंदवले. पान उघडताच खाली माहिती घेण्याची संमती मागणारी पट्टी आली. ‘सर्व स्वीकारा’ हे बटण ठळक निळे, बरोबर अंगठ्याखाली येणारे, आणि ‘पर्याय पाहा’ फिकट राखाडी अक्षरांत कोपऱ्यात. तिने निळे दाबले. तेव्हापासून माझ्या भजनांच्या व्हिडिओआधीही क्रॅश कोर्सच्या आणि वसतिगृहांच्या जाहिराती येतात, शिवाय ऐन जेवणाच्या वेळी फोन. ‘ताई, मुलीला गुण कमी पडतील अशी भीती वाटते ना?’ असे विचारणाऱ्याला ही भीती कोणी सांगितली?

जाहिरात मजकुराला जोडलेली असावी, माणसाला नव्हे. सोयाबीनच्या भावाच्या पानावर बियाण्याची जाहिरात जरूर दिसावी. तो भाव पाहणारा रात्री काय वाचतो, याची नोंद कोणी ठेवू नये.

सीताफळ उत्पादक, धारूर

ताई, तुम्हाला झालेला त्रास खरा आहे आणि तुमचा क्रमांक ज्याने पुढे दिला त्याला दंड झालाच पाहिजे. पण तुम्ही सुचवलेल्या उपायाने आमच्यासारख्यांचा धंदा बसेल. सीताफळ झाडावरून उतरवले की थोड्याच दिवसांत हातचे जाते. पूर्वी माल अडत्याकडे टाकायचा आणि पट्टीवर येईल तो आकडा मुकाट्याने घ्यायचा. आता हंगामात मी रोज तीनशे रुपये जाहिरातीला घालतो. ती पुण्यातल्या, आधी ऑनलाइन फळे मागवलेल्या लोकांना दिसते आणि पेट्या थेट त्यांच्या घरी जातात.

ॲपलने एप्रिल 2021 मध्ये माग काढण्याआधी परवानगी विचारणे सक्तीचे केले, तेव्हा फेसबुकच्या मालक कंपनीने 2022 सालच्या नुकसानीचा अंदाज सुमारे 10 अब्ज डॉलर सांगितला. ती कंपनी त्यातून तगली, पण तिच्यावर विसंबलेल्या लहान विक्रेत्याने आपली खोट कशातून भरून काढायची? इतर ॲप आणि संकेतस्थळांवरून येणारी माहिती बंद झाली की ज्यांच्याकडे कोट्यवधी लोकांची खाती आधीच आहेत, त्याच बड्या कंपन्या आणखी बळकट होतात.

एक पालक, लातूर

भाऊ, पेट्यांचे म्हणणे मला पटते. पण पुणे, फळे आणि हंगाम एवढे कळले तरी तुमचे काम भागायला हवे. मला खटकतो तो लिलाव. अनेक ठिकाणी पान उघडताच, सेकंदाच्या काही अंशात, जाहिरातीच्या जागेसाठी बोली लागते आणि बोली हरलेल्यांपर्यंतही पाहणाऱ्याची माहिती पोहोचलेली असते. अडतीत मालाच्या ढिगाचा सौदा होतो; इथे ढिगाच्या जागी माझी मुलगी आहे. कंपन्या हे आपणहून थांबवतील असेही वाटत नाही, कारण क्रोम या ब्राउझरमधून त्रयस्थ कुकी, म्हणजे एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर आपला माग काढणाऱ्या छोट्या नोंदी, दोन वर्षांत काढू असे गूगलने जानेवारी 2020 मध्ये म्हटले आणि जुलै 2024 मध्ये तो बेत सोडून दिला.

शिक्षक, परभणी

मला दोघांचेही अर्धेच पटते. मूल कोणते हे ओळखायचे तर पालकांची ओळख पडताळावी लागणार, म्हणजे ज्यांच्यापासून वाचायचे त्यांच्याच हाती आणखी कागद द्यायचे. त्यापेक्षा याच कायद्यातली दुसरी तरतूद मला मोलाची वाटते: संमतीची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची सोय ठेवावी लागेल. आमच्या पालकसभेत मी तशी एक इंग्रजी सूचना मराठीत करून वाचली, तेव्हा ‘भागीदारांशी माहिती वाटून घेऊ’ या ओळीवर मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी विचारले, ‘भागीदार किती, अन् त्यांची नावं काय?’ हा प्रश्न निळे बटण दाबताना आजवर मलाही सुचला नव्हता.

सीताफळ उत्पादक, धारूर

सरसकट बंदी मला अजूनही मान्य नाही. मात्र ताईंनी ढिगाचे जे लिहिले, ते वाचून मी थबकलो, कारण ढिगासमोर उभे राहून बोली ऐकण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. या हंगामात निम्मे पैसे फक्त शहर आणि फळ यांवर लावतो, निम्मे जुन्या पद्धतीने. कोणत्या जाहिरातीवर किती पेट्या गेल्या, ते दिवाळीनंतर इथेच लिहीन.