जो टोरी: डोकं त्याचं की तिजोरी यांकीजची?

पाचवा_बेस:
काल मित्राकडे जेवताना पेटलेला वाद अर्धवट राहिला, म्हणून इथे आणतोय. माझं म्हणणं सरळ आहे: बेसबॉलमधला जो टोरी खेळाडू म्हणून जबरदस्त, मॅनेजर (म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक) म्हणून नशीबवान. 1971 साली सेंट लुइस कार्डिनल्सकडून .363 ची बॅटिंग सरासरी, 230 हिट्स, 137 आरबीआय (त्याच्या फटक्यांवर निघालेल्या धावा) आणि नॅशनल लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. तिथे प्रश्नच नाही. पण मॅनेजर म्हणून? मेट्स, ब्रेव्ह्ज, कार्डिनल्स, तिघांनीही नारळ दिला. 1995 च्या शेवटी न्यूयॉर्क यांकीजने नेमलं तेव्हा खात्यात 894 विजय आणि 1003 पराभव. न्यूयॉर्कच्या एका पेपरने लगेच 'क्लूलेस जो' असा मथळा छापला. आणि पुढे 1996, 98, 99, 2000 अशा चार वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम विजेतेपदं! पंचावन्नाव्या वर्षी एकदम अक्कल फुटली का? बर्नी विल्यम्स, जीटर, रिवेरा, पेटिट, पोसाडा ही सगळी पोरं आधीच यांकीजची होती. आधीचा मॅनेजर बक शोवॉल्टर, त्याने घर उभं केलं, हा आयत्या बिळावर नागोबा.

क्रीजबाहेर:
तिजोरी तर 1973 पासून मालक स्टाइनब्रेनरचीच होती की. मग 1978 नंतर 1996 पर्यंत एकही वर्ल्ड सिरीज का जिंकली नाही? मॅनेजर म्हणून एकट्या बिली मार्टिनला पाच वेळा आणला आणि पाच वेळा घालवला! त्या मालकाच्या आणि पोरांच्या मध्ये शांतपणे उभा राहणारा माणूस हवा होता, तो मिळाला.

आता 1996 ची वर्ल्ड सिरीज बघा, समोर अटलांटा ब्रेव्ह्ज. पहिले दोन सामने घरच्या मैदानावर 12-1 आणि 4-0 असे हरले. मग अटलांटात जाऊन सलग तीन जिंकले. त्यातला पाचवा मी कितीदा पाहिलाय! बोग्ज आणि टिनो मार्टिनेझ हे नेहमीचे बॅट्समन टोरीने बाकावर बसवलेले. नववी इनिंग, यांकीज 1-0 पुढे, बॅटिंगला पिचर पेटिटचा नंबर. (नवख्यांसाठी: बदललेला खेळाडू परत येत नाही.) कोणीही तिथे पिंच हिटर (बदली बॅट्समन) पाठवला असता. टोरीने पेटिटलाच पाठवला, कारण इनिंगच्या खालच्या अर्ध्यात, ब्रेव्ह्जच्या बॅटिंगला, चेंडू टाकायला त्यालाच ठेवायचं होतं. ब्रेव्ह्जच्या चिपर जोन्सने पहिलाच डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला, मी टीव्हीसमोर उभा! मग पेटिटच्या जागी पिचर वेटलंड आला, क्लेस्कोला मुद्दाम वॉक दिला (न खेळवता पहिल्या बेसवर सोडला), आणि शेवटी दुखऱ्या पायाने धावत ओनीलने तो झेल घेतला.

पाचवा_बेस:
झेल सुटला असता तर हाच निर्णय तुम्ही मूर्खपणा म्हणाला असता. 2003 ची वर्ल्ड सिरीज, चौथा सामना, जादा इनिंग्ज. भरवशाचा पिचर रिवेरा बुलपेनमध्ये (राखीव पिचर बसतात तिथे) बसलेला आणि मैदानात चेंडू टाकायला जेफ वीव्हर. बाराव्यात अ‍ॅलेक्स गोन्झालेसने होमरन मारून खेळ संपवला. पुढच्या वर्षी बोस्टनविरुद्ध 3-0 पुढे असताना सलग चार हरले. तेव्हा कुठे गेला होता शांत माणूस?

हडसनपलीकडे:
नागोबाचं काढलंच आहे तर पुढचंही ऐका. शोवॉल्टरने नंतर अ‍ॅरिझोनाचा संघ उभा केला, 2000 ला त्याला काढलं, आणि 2001 मध्ये त्याच संघाने बॉब ब्रेन्लीच्या हाताखाली हरवलं कोणाला? टोरीच्या यांकीजला. तेव्हा नागोबा कोण?

माझ्या लेखी टोरी घडला तो त्या 1003 पराभवांत. त्याहीआधी, 1975 मध्ये मेट्सकडून खेळताना, एका सामन्यात तो चार वेळा डबल प्लेमध्ये सापडला. त्याच्या आधीचा बॅट्समन फेलिक्स मियान चारही वेळा सिंगल काढून पहिल्या बेसवर, आणि हा चारही वेळा जमिनीवर चेंडू मारून दोघांना बाद करतो. नंतर म्हणे, हे मियानमुळेच शक्य झालं! स्वतःची अशी फजिती हसून सांगणारा माणूस विशीतल्या पोरावर एका चुकीसाठी डाफरत नाही. जीटर 1996 ला नवखा होता, शॉर्टस्टॉपला पहिल्या सामन्यापासून तोच.

क्रीजबाहेर:
+1. आणि यांकीजकडे टोरीच्या बारा सीझनमध्ये बाराही वेळा पोस्टसीझन (सीझननंतरची बाद फेरी). नुसत्या पैशाने होत असतं तर 1982 ते 1994 मध्ये एकदा तरी झालं असतं.

पाचवा_बेस:
मियानचा किस्सा मित्राला सांगतो, त्याला आवडेल. पण टोरीने बुलपेन कसं राबवलं त्याबद्दल अजून कोणी तोंड उघडलेलं नाही. 2006 मध्ये राखीव पिचर स्कॉट प्रॉक्टर 83 सामन्यांत उतरला. त्र्याऐंशी! त्यावर बोला आधी.