विषय: हीट पंपाचा हिशेब २१० युनिटांनी चुकतोय

नवा सभासद, सोमवार रात्री

नमस्कार मंडळी,

हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घर आणि टाकीतलं पाणी तापवणारं यंत्र, बसवून चार महिने झाले. घर छान ऊबदार असतं, त्याबद्दल तक्रार नाही. ॲपवर गेल्या महिन्याची वीज ४०० युनिट आणि उष्णता १,६४० युनिट, म्हणजे सीओपी (एका युनिट विजेमागे किती युनिट उष्णता मिळाली तो आकडा) ४.१ दिसला. मी खूश. मग घरच्या मुख्य मीटरचं रीडिंग घेतलं तर महिन्याचे ९६० निघाले. पंप यायच्या आधी या घराला साधारण ३५० लागायचे. ३५० आणि ४०० मिळून ७५०. वरचे २१० गेले कुठे? बायको म्हणते, फ्रीज जुना झालाय. एवढं खातो का हो फ्रीज?

वेगळा मीटर लावावा म्हणतोय. कोणता घ्यावा, कुठे बसवावा, कुणाला अनुभव असेल तर सांगा.

ताई, सोमवार रात्री

फ्रीजला बोल लावू नका. ॲपमध्ये गरम पाण्याचा आकडा वेगळा दिसतो का? तो कळवा, आणि टाकी केवढी तेही.

नवा सभासद, मंगळवार सकाळी

दिसतो ताई. वीज १२ युनिट. टाकी २०० लिटर, घरात आम्ही चौघं. पाणी कधी कमी पडलेलं नाही, उलट जरा जास्तच कडक येतं.

खजिनदार काका, मंगळवार दुपारी

चौघांच्या महिनाभराच्या अंघोळी १२ युनिटांत? अरे, जरा आकडेमोड कर. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. २०० लिटर पाणी १५ वरून ५० अंशांवर न्यायचं तर ८.१ युनिट उष्णता हवी. पंपाने एका युनिटात तीन दिले असं धरलं तरी २.७ युनिट वीज. तुझ्या १२ युनिटांत ती टाकी महिन्यातून चार-पाचदा तापेल. म्हणजे एक तर तुम्ही अंघोळी करत नाही, नाहीतर पाणी दुसरंच कुणीतरी तापवतंय. पाणी कडक येतं म्हणतोस, त्यावरून मला दुसरी शक्यता दिसते.

मंडळाचे हिशेब सांभाळताना एक गोष्ट कळली. न जुळणारी रक्कम एकदा उचंत खात्यात टाकली की ती तिथेच मुक्काम ठोकते. तुझं उचंत खातं म्हणजे टाकीतला इमर्शन हीटर, थेट विजेवर पाणी तापवणारी कांडी. पुष्कळ घरांत त्याची वायर पंपाच्या सर्किटवर नसते, वेगळ्या एमसीबीवरून येते. त्यामुळे ॲपच्या वहीत त्याचं नावच नसतं. त्याचा थर्मोस्टॅटही स्वतंत्र. पंपाला तू ४८ अंश सांगितले असशील आणि हा ६० वर लावलेला असेल, तर टाकी कायम ६० च्या आसपास राहते. पंपाचा सेन्सर बघतो, पाणी गरमच आहे, आणि गप्प बसतो. पंपाची पाळीच येत नाही. तिप्पट उष्णता देणारं यंत्र दारात उभं, आणि अंघोळीचं पाणी मात्र एकास एक भावाने तापतंय.

पण हीटर कायमचा बंद करून ठेवू नकोस. लिजिओनेला नावाचे जंतू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतात आणि ६० ला मरतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी ६० वर नेतात. २०० लिटर ५० वरून ६० ला न्यायला २.३ युनिट, म्हणजे महिन्याला दहाएक. एवढा खर्च रास्त आहे.

आता मीटर. खर्चाच्या बाजूला बोर्डात पंपाच्या एमसीबीपुढे एक डिन-रेल मीटर (बोर्डातल्या पट्टीवर बसणारा छोटा वीजमीटर) आणि इमर्शनला दुसरा. पाणी फिरवणारा पंप वेगळ्या फ्यूजवर असेल तर तोही पहिल्या मीटरमागे घे. वायरीभोवती अडकवायचा क्लॅम्प चालेल, पण नुसता करंट मोजणारा नको. हीट पंप काम न करता नुसता जागा असतो तेव्हा त्याचा पॉवर फॅक्टर, म्हणजे वाहणाऱ्या करंटपैकी खरोखर कामी येणारा वाटा, अगदी कमी असतो, आणि व्होल्टेज न बघणारा क्लॅम्प तेव्हा भलताच आकडा दाखवतो. बोर्ड उघडायचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घे.

जमेच्या बाजूला हीट मीटर. दर मिनिटाला किती लिटर पाणी फिरतंय आणि जाताना-येताना तापमानात किती फरक पडतोय, एवढंच तो बघतो. मिनिटाला २० लिटर आणि फरक ५ अंश म्हणजे ७ किलोवॉट. ॲपवरची उष्णता बऱ्याचदा पंपाने स्वतःच लावलेला अंदाज असतो. आपली प्रगतिपुस्तकं आपणच भरायची असती तर कोण नापास झालं असतं?

ताई, मंगळवार संध्याकाळी

काकांच्या हीट मीटरला माझी पुस्ती. तो ५ अंशांचा फरक फार नाजूक असतो. सेन्सर अर्ध्या अंशाने चुकला की उष्णतेचा आकडा दहा टक्क्यांनी चुकतो. मी पहिल्यांदा दोन्ही सेन्सर नळीवर बाहेरून नायलॉनच्या पट्टीने बांधले, वर इन्सुलेशन नाही. एक नेमका खिडकीच्या फटीसमोर आला. वाऱ्याच्या दिवशी माझा सीओपी आपोआप सुधारायचा! घरात उड्या मारून झाल्यावर लक्षात आलं की परतीची नळी आहे त्यापेक्षा गार दिसतेय. सेन्सर जोडीने जुळवलेलेच घ्या आणि नळीच्या आत, पॉकेटमध्ये (सेन्सर घालायच्या बंद खोबणीत) बसवा. मीटर जाणाऱ्या नळीसाठी आहे की येणाऱ्या, हे त्यावर लिहिलेलं असतं, तसाच लावा.

पाण्यात ग्लायकॉल (पाणी गोठू नये म्हणून घालतात ते द्रव्य) असेल तर मीटरला तसं सांगावं लागतं. ग्लायकॉलचं मिश्रण साध्या पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं, त्यामुळे साध्या पाण्याचा मीटर काही टक्के फुगवून दाखवतो. डीफ्रॉस्टच्या वेळी, म्हणजे बाहेरच्या युनिटवर साचलेला बर्फ वितळवताना, पंप घरातलीच उष्णता उलटी ओढतो, ती वजा होतेय का तेही बघा.

शिवाय पंप फक्त टाकी तापवत असताना एकदा रेडिएटरच्या नळीला हात लावा. कोमट लागली तर गरम पाणी टाकीकडे की खोल्यांकडे हे ठरवणारा तीन-तोंडी व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. मग गरम पाण्याच्या खात्यातली उष्णता खोल्यांत जाते आणि दोन्ही आकडे बिघडतात.

नवा सभासद, पुढच्या बुधवारी

काका, ताई, सापडला. टाकीच्या कपाटात, सुटकेसच्या मागे स्विच, त्यावर लाल दिवा चालू. झाकण काढून बघितलं तर डायल बरोबर ६० वर. पंप बसवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी तपासणीसाठी चालू केला असणार, आणि तसाच राहिला. आता टायमरवर आठवड्यातून एकदाच लागतो.

दोन्ही वीजमीटर गुरुवारी बसले. शुक्रवारपासून पंप गरम पाण्याला दिवसाला २.६ युनिट घेतोय, इमर्शनने सहा दिवसांत एकूण २.४. गेल्या महिन्याचा हिशेबही नव्याने मांडला. इमर्शनचे २१० दोन्ही बाजूंना धरले तर उष्णता १,८५०, वीज ६१०, म्हणजे सीओपी ४.१ नाही, जेमतेम ३.

व्हॉल्व्हची नळी गार आहे. हीट मीटरसाठी प्लंबर पुढच्या आठवड्यात येतोय. ताई, पॉकेटमध्ये सेन्सर घालताना पेस्ट लावायची की कोरडाच?

ताई, बुधवारी

पेस्ट लावायची. आणि नळीला इन्सुलेशन घालायच्या आधी फोटो काढून ठेवा, नंतर कुठला सेन्सर कुठे ते आठवत नाही.

खजिनदार काका, बुधवारी

४८ चे ४६ करून बघ. अंघोळीला पुरलं तर तेवढीच वीज वाचेल. आणि फ्रीजचं काय म्हणाली सूनबाई?